ज्या ओळींना वाली उरला नाही

ज्या यंत्रासाठी लिनक्स जन्माला आलं, त्या यंत्रावर नवं लिनक्स २०१३ पासून चालत नाही. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या जानेवारीत इंटेलच्या ३८६ चिपचा संगणक घेतला आणि त्याच्याशी झटापट करताकरता स्वतःचं कर्नल लिहिलं. ऑगस्टमध्ये ते लोकांपुढे मांडताना त्याने सांगूनही टाकलं, की हे याच जातीच्या यंत्रापुरतं आहे. एकवीस वर्षांनी, डिसेंबर २०१२ मध्ये, इंगो मोल्नार या जुन्याजाणत्या कर्नल-लेखकाने ३८६ ची सोय काढून टाकणारा बदल पाठवला. टोरवाल्ड्सनी तो घेतला, वर आपल्याला याचं काही सुतक नाही, पीडा गेली, अशा अर्थाचा शेराही मारला. फेब्रुवारीत ३.८ ही आवृत्ती आली आणि ३८६ बाद झाला.

परभणीत बसून ही हकीकत वाचताना जरा वेगळी वाटते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण इथे बदलून येणाऱ्या सरकारी नोकरांसाठी असली, तरी संगणकांनाही ती लागू पडली. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांनी टाकलेली यंत्रं सेकंडहँड होऊन इकडे यायची. त्यांतली काही मोंढ्यातल्या अडत दुकानात पट्ट्या छापायची, काही डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिका जुळवायची, काही कोर्टासमोरच्या टायपिंगच्या टेबलावर बसायची. आपल्याकडे यंत्र जुनं झालं म्हणून जात नाही, दुरुस्त होईनासं झालं की जातं. त्यामुळे 'जुन्या हार्डवेअरची सोय काढली' असं कुणी म्हटलं, की पहिला प्रश्न पडतो तो हा, की काढताना विचारलं कुणाला?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी वाटणं, डिस्क, कीबोर्ड आणि प्रिंटरशी बोलणं हे सगळं प्रोग्रामच्या वतीने तो करतो. प्रत्येक चिपची खोड त्याला ठाऊक असावी लागते. चिप बाजारातून जाते, तिची खोड मात्र कर्नलमध्ये राहते. या खोडींचं मूळ शोधायचं तर १९८१ च्या आयबीएम पीसीपर्यंत मागे जावं लागतं.

त्या पीसीतल्या ८०८८ चिपला पत्त्याच्या २० तारा होत्या. म्हणजे १ एमबी मेमरी, त्यापुढे काही नाही. पण पत्ता तयार करण्याची तिची पद्धत अशी होती, की हिशेब कधीकधी १ एमबीच्या थोडा पलीकडे जायचा. पलीकडे तारच नसल्याने तो पत्ता गोल फिरून शून्यापाशी यायचा. काही प्रोग्रामरांनी या गोल फिरण्यावरच आपले प्रोग्राम बेतले. मग १९८४ साली आयबीएमने पीसी-एटी काढला. त्यातल्या २८६ चिपला २४ तारा होत्या. आता पत्ता गोल फिरेना, सरळ पुढे जाऊ लागला, आणि ते जुने प्रोग्राम आपटायची पाळी आली. आयबीएमने यावर काय करावं? एकविसाव्या तारेवर, जिचा शून्यापासून मोजून क्रमांक ए-२०, तिच्यावर एक फाटक बसवलं. फाटक बंद असलं, की नवं यंत्र जुन्यासारखं वागणार. फाटक उघडण्या-लावण्यासाठी एक मोकळी पिन हवी होती, ती सापडली कीबोर्डच्या चिपवर! म्हणून १ एमबीच्या पुढची मेमरी वापरायची असेल, तर आधी कीबोर्डच्या चिपला विनवणी करावी लागे. अभियांत्रिकीच्या इतिहासात याहून विचित्र जोडणी मला तरी ठाऊक नाही.

लिनक्सच्या कोडमध्ये या फाटकासाठीची छोटी फाइल आजही आहे. यंत्र जुन्या बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करून देणाऱ्या बांधीव प्रोग्रामच्या, वाटेने सुरू झालं, तर तिचं काम लागतं. ती आधी फाटक उघडंच आहे का ते पाहते. खालच्या एका पत्त्यावर आकडा लिहायचा आणि बरोबर १ एमबी वरच्या पत्त्यावर तोही बदलतो का ते बघायचं. बदलला तर दोन्ही पत्ते एकच आहेत, म्हणजे फाटक बंद. मग बायोसला विनंती, पुन्हा तपासणी. नाही जमलं तर कीबोर्डच्या चिपला हुकूम, पुन्हा तपासणी. तेही नाही, तर दुसऱ्या एका पोर्टवरून थेट प्रयत्न. ही सगळी फेरी जास्तीत जास्त २५५ वेळा. यंत्रात कीबोर्डची ती चिपच नसेल तर काय, याचाही विचार त्यात आहे. ज्या प्रोग्रामांसाठी हे फाटक बसवलं, ते तर केव्हाच इतिहासजमा झाले. फाटक मात्र पुढे तीसेक वर्षं चिपांच्या पिढ्यांमागून पिढ्या चालत आलं. गेल्या दशकात इंटेलने ते आपल्या नव्या चिपांतून काढलं.

अशी सोय नुसती जागा अडवत नाही, कधी नडतेही. जुनी चिप मंद असायची म्हणून कर्नल तिच्याशी बोलताना मधे दम घ्यायचं. त्यासाठी कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं एक पोर्ट निवडलेलं होतं. त्यावर काहीबाही लिहायचं, त्यात साधारण एक मायक्रोसेकंद जायचा. २००७-०८ च्या सुमारास काही नव्या लॅपटॉपवर हे पोर्ट निरुपयोगी नाही असं निघालं. त्यावर लिहिलं, की लॅपटॉप गोठायचा. कर्नलला मग दम घ्यायच्या दुसऱ्या जागा शोधून द्याव्या लागल्या.

३८६ चं दुखणं यापेक्षा खोल होतं. दोन कामं एकाच वेळी एकाच आकड्याला हात घालत असतील, तर 'आकडा अजून तोच आहे ना? मग बदल' हे एका दमात करणारी सूचना चिपमध्ये लागते. ती ४८६ मध्ये १९८९ साली आली, ३८६ मध्ये नव्हतीच. शिवाय मेमरीचं एखादं पान 'लिहू नये' असं राखून ठेवलं, तरी खुद्द कर्नल लिहायला गेलं तर ३८६ त्याला अडवत नसे. म्हणून कर्नलला प्रत्येक वेळी स्वतःच आधी खात्री करून घ्यावी लागे. काढलेल्या ओळी जेमतेम चारशेच्या आसपास होत्या. पण त्या एका फाइलीत गप्प बसलेल्या नव्हत्या, मेमरीच्या कोडमध्ये जागोजागी रुतल्या होत्या. नवा बदल करणाऱ्या प्रत्येकाला 'आणि ३८६ वर?' हा प्रश्न सोडवावा लागे, आणि तपासायला ३८६ तर कुणाकडेच नाही. इंटेलनेही २००७ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं होतं.

हा हिशेब परभणीला रेल्वेने आधीच दाखवलेला आहे. निजामाच्या काळात, १९०० च्या आगेमागे, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड ते सिकंदराबाद मीटर गेज टाकली. मनमाडला मुंबईची ब्रॉड गेज भेटायची, आणि मराठवाड्याचा माल तिथे एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच रुंदी ठेवायचं ठरवलं आणि त्याच दशकात परभणीवरून जाणारा मार्ग रुंद झाला. पूर्णेहून हिंगोली-अकोल्याकडे जाणारी मीटर गेज मात्र २००० नंतरही काही वर्षं टिकली, आणि तोवर पूर्णा जंक्शनात दोन्ही गेज शेजारीशेजारी नांदल्या. दोन रुंद्या ठेवायच्या म्हणजे दोन तऱ्हेची इंजिनं, दोन तऱ्हेचे डबे, दोन कारखाने आणि दोन तऱ्हेचे कसबी हात. रूळ झिजले म्हणून मीटर गेज गेली नाही, हे दुहेरी बिऱ्हाड झेपेना म्हणून गेली.

३८६ गेला याचं मलाही वाईट वाटत नाही. वाईट वाटायला लावणारी गोष्ट दुसरीच आहे आणि ती पुण्यात घडली.

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम केलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था स्थापन झाली, तांबे तिथे आले आणि त्या कामातून जिस्ट कार्ड बाजारात आलं. हे कार्ड पीसीच्या आयसा स्लॉटमध्ये खोचायचं. डॉसवर चालणाऱ्या डीबेस किंवा वर्डस्टारला आपण मराठी लिहितोय याचा पत्ताच नसे. त्याच्या लेखी ती अक्षरं म्हणजे फक्त इंग्रजीच्या पलीकडचे काही कोड होते. कार्ड ते कोड पकडून पडद्यावर देवनागरी काढायचं, मात्रा जागेवर लावायचं, जोडाक्षर जुळवायचं. इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्राम एका अक्षराचाही बदल न करता मराठीत चालायचा. लिनक्सच्या खिडक्यांशिवायच्या काळ्या कन्सोलवर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकार बसतात आणि जोडाक्षर जुळवायची सोय तिथे आजही नाही. हे लक्षात घेतलं, की त्या कार्डाची करामत कळते.

कार्डामागचं कोष्टक म्हणजे इस्की. १९९१ मध्ये ते आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झालं. पहिल्या १२८ जागा इंग्रजीला, पुढच्या भारतीय लिपीला, आणि सगळ्या ब्राह्मी कुळातल्या लिप्यांना एकच मांडणी. युनिकोडमधल्या देवनागरीच्या मांडणीचा पाया हाच. 'परभणी' हा शब्द इस्कीत पाच कोडांत मावतो. प, र, भ, ण आणि दीर्घ वेलांटी, उच्चारू त्या क्रमाने.

मग विंडोज आलं. पडदा आता चित्रांचा झाला, अक्षर काढायला कार्ड लागेना, नुसता फाँट पुरायला लागला. १९९९ पासून इंटेलच्या नव्या चिपसंचांतून आयसा स्लॉटही जायला लागला. हळूहळू नव्या मदरबोर्डवर कार्ड खोचायला जागाच उरली नाही. त्या जागी आली फाँटची दुनिया. सरकारी कचेऱ्यांत सी-डॅकचं आयएसएम आणि त्याचे योगेश, सुरेख हे फाँट, छापखान्यांत श्रीलिपी, आणखी कुठे कृतिदेव. बऱ्याच सॉफ्टवेअरांबरोबर एक लॉकही मिळायचं. प्रिंटरच्या पोर्टवर ते लावलं नाही, तर सॉफ्टवेअर उघडायचं नाही. पुढे ते पोर्टही नव्या यंत्रांवरून गेलं, आणि पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर बंद पडलं.

योगेशमध्ये 'परभणी' लिहिलं तर फाइलीत काय साठतं? अक्षरं साठत नाहीत, अक्षरांचे तुकडे साठतात. अर्धा प आणि त्यापुढे कान्याचा दांडा, मग र, पुन्हा अर्धा भ आणि दांडा, अर्धा ण आणि त्याच्यापुढची जोड. हे तुकडे इंग्रजी चिन्हांच्या जागांवर बसवलेले. फाँट काढून घेतला, की समोर महिरपी कंस आणि युरोपीय उच्चारचिन्हांचा चिवडा. दुसऱ्या कंपनीचा फाँट लावला तर वेगळाच चिवडा, कारण प्रत्येकाचे तुकडे आणि त्यांच्या जागा निराळ्या. यातून एक उलटी गोष्ट झाली. १९९० ची इस्कीतली फाइल वाचणं आज त्यामानाने सोपं आहे, कारण तिचं कोष्टक छापील मानक आहे. विंडोजमध्येसुद्धा इस्की देवनागरीसाठी ५७००२ क्रमांकाचं कोडपेज आहे. २००५ ची वर्ड फाइल मात्र कोणत्या फाँटात होती हे कळल्याशिवाय उलगडत नाही. जुनी गोष्ट वाचली, कारण ती लिहून ठेवलेली होती.

लिनक्सवाल्यांकडून शिकण्यासारखं नेमकं हेच आहे. तिथे 'मेंटेनर्स' नावाची एक लांबलचक फाइल असते. कर्नलच्या प्रत्येक भागापुढे तो कोण सांभाळतो त्याचं नाव आणि भागाची अवस्था. पगारी माणूस बघतोय, हौसेने बघतोय, जमेल तशी डागडुजी करतोय, किंवा अनाथ. जुलै २०१९ मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरपुढे अनाथ असा शेरा पडला. सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतली फ्लॉपी ड्राइव्हच उरली नव्हती, आणि बाजारात मिळणाऱ्या यूएसबीच्या ड्राइव्ह हा ड्रायव्हर वापरत नाहीत. पण नंतर डेनिस एफ्रेमोव्ह नावाच्या प्रोग्रामरने तो भाग पदरात घेतला आणि फ्लॉपी वाचली. उलट २०१८ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी एका झटक्यात आठ जातींच्या चिपांची सोय काढली, सुमारे ५ लाख ओळी. त्यांतल्या काही चिपा वयाने फारशा जुन्या नव्हत्या. बनवणाऱ्या कंपन्यांनी पाठ फिरवली आणि वापरणारं कुणी पुढे आलं नाही. इंटेलचं इटॅनियम २००१ मध्ये मोठ्या गाजावाजात आलं, २०२१ मध्ये शेवटचं विकलं गेलं आणि २०२३ च्या अखेरीस कर्नलमधून निघालं. आणि १९७९ मध्ये आलेल्या मोटोरोलाच्या ६८००० घराण्याचं काय? ते अजून आहे. जुन्या अमिगा आणि अटारी यंत्रांचे शौकीन आहेत, ते तपासतात, बिघाड कळवतात, दुरुस्त करून पाठवतात. तिथे वय कुणी विचारत नाही, वाली आहे का एवढंच पाहतात.

वाली नसलेल्या कोडचा धोका २०१५ मध्ये जगाला दिसला. क्यूईएमयू हे आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या आभासी फ्लॉपीच्या कोडमध्ये 'व्हेनम' नावाने गाजलेलं एक भोक सापडलं. ते २००४ पासून तिथे होतं. त्यातून आत शिरलेला माणूस आभासी यंत्राबाहेर, मूळ सर्व्हरवर पोचू शकत होता. फ्लॉपी कुणी लावलेलीही नसली, तरी कोड हजर होता. इतकी वर्षं तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

मात्र या व्यवस्थेत एक उणीव आहे आणि ती आपल्याला बोचणारी आहे. वाली म्हणजे जो तिथे जाऊन बोलतो तो, आणि बोलायचं इंग्रजीत, कर्नल-लेखकांच्या रिवाजाप्रमाणे. अमिगाच्या शौकिनांना ते जमतं. तालुक्याच्या बाजारात दहा-पंधरा वर्षांच्या पीसीवर पोट भरणाऱ्याला ते कुठून जमणार? एप्रिल २०२५ मध्ये मोल्नार यांनीच ४८६ आणि सुरुवातीच्या काही पेंटियमसारख्या चिपांची सोय काढण्याचा प्रस्ताव मांडला. १४ हजारांच्या आसपास ओळी, त्यांतल्या बहुतेक गणिताची चिप नसलेल्या यंत्रांसाठी ते गणित सॉफ्टवेअरने करून देणाऱ्या. तिथवर ठीक आहे, ४८६ परभणीतही कुणी वापरत नसावं. पण विंडोजमध्ये तर विचारणाही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला सुरक्षेची टीपीएम २.० चिप लागते, त्याची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही, आणि ६४-बिट विंडोजवर डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत. चालू स्थितीतलं यंत्र एका तारखेने भंगार ठरतं. माझ्या मते सार्वजनिक कचेऱ्यांच्या, शाळांच्या वतीने ही बाजू मांडणं हे सरकारी संगणक संस्थांचं काम होतं आणि आहे.

तरीही लिनक्समधून जे काढलं जातं ते हरवत नाही. कुणी काढलं, कधी, का, कोणत्या ओळी, हे सगळं नोंदलेलं राहतं. ३८६ वर चालणारी आवृत्ती कुणालाही आज उतरवून घेता येते, १९९१ ची ०.०१ सुद्धा. आपल्याकडची जिस्ट कार्डं आणि लॉकं भंगारवाल्याकडे किलोवर गेली, आणि त्याबरोबर कोणत्या कपाटातली कोणती फाइल कोणत्या फाँटात आहे हे ठाऊक असलेली माणसंही निवृत्त झाली. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. त्याच्या आगेमागे टाइप झालेले ठराव, याद्या, संस्थांची इतिवृत्तं, स्मरणिका, कुणाकुणाचे आख्खे कथासंग्रह अशाच फायलींत आहेत. ज्या यंत्रांवर त्या फायली नीट उघडतात, त्यांतली काही अजून चालू आहेत.

तेव्हा सेलूत, मानवतला, गंगाखेडला, जिथे कुठे डीटीपीचं जुनं दुकान, पतसंस्था, वाचनालय किंवा शाळा असेल, तिथल्यांना विनंती आहे. जुना पीसी विकायच्या आधी त्यातली डिस्क काढून घ्या. फायलींबरोबर फाँटच्या फायलीही उचला, आणि कोणत्या सॉफ्टवेअरात लिहिलंय ते एका कागदावर लिहून ठेवा. इस्की असो वा योगेश, युनिकोडमध्ये वळवणारी साधनं उपलब्ध आहेत. यंत्र चालू आहे तोवर एकदा मूळ आणि वळवलेली फाइल शेजारीशेजारी उघडून रफार आणि जोडाक्षरं ताडून पाहा, चुका तिथेच होतात. आणि वळवून झालं, तरी मूळ फाइल पुसू नका.